बंदूक कोणाकडे रोखलेली होती? : ओकिनावातील संग्रहालयांविषयी

बेटावर जाणारा प्रवासी बहुधा समुद्रासाठी जातो, आणि ओकिनावाला जाणारेही त्याला अपवाद नाहीत. जपानच्या क्यूशू बेटापासून तैवानपर्यंत पसरलेल्या र्‍युक्यू द्वीपमालेतील हे सर्वांत मोठे बेट. हवामान उपोष्ण कटिबंधातले. जपानच्या उत्तर भागात बर्फ पडत असतो तेव्हा, जानेवारीतच, इथल्या डोंगरउतारांवर चेरी फुलू लागते. उत्तरेकडे मोतोबु येथे २००२ साली सुरू झालेले चुराउमी मत्स्यालय आहे. त्याच्या मुख्य टाकीत ७,५०० घनमीटर पाणी मावते आणि ६० सेंटीमीटर जाडीच्या पारदर्शक भिंतीपलीकडे अजस्र व्हेल शार्क संथपणे फिरताना दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ते अवश्य पाहावे.

हे मत्स्यालय ज्या उद्यानात आहे त्यालाही इतिहास आहे. २७ वर्षांच्या अमेरिकी अमलानंतर १९७२ साली ओकिनावा जपानकडे परत आले, आणि १९७५ साली याच जागी आंतरराष्ट्रीय सागर प्रदर्शन भरले. त्याच्या उद्घाटनासाठी आलेले युवराज आकिहितो दक्षिणेकडील हिमेयुरी स्मारकापाशी गेले असता त्यांच्या दिशेने पेट्रोलबॉम्ब फेकण्यात आला. ते बचावले. बेटाला पर्यटनस्थळ म्हणून जगापुढे आणणारे ते प्रदर्शन आणि तो पेट्रोलबॉम्ब एकाच आठवड्यातले आहेत.

प्रस्तुत लेख त्या दक्षिणेविषयी आहे. तेथील किल्ला, स्मारके आणि संग्रहालये पर्यटनाच्या प्रत्येक पुस्तिकेत असतात. ती पाहताना, समोरच्या वस्तूइतकेच, आपल्याला ही कथा कोण सांगत आहे याकडेही लक्ष द्यावे लागते. कारण ओकिनावात हा प्रश्न मिटलेला नाही, आणि त्याच्यावरून झालेले झगडे त्या दालनांतच दडलेले आहेत.

शुरीचा राजवाडा

राजधानी नाहा येथे मोनोरेलने शुरी स्थानकावर उतरले की थोड्या चालीवर शुरीचा किल्ला लागतो. १४२९ साली शो हाशी याने बेटावरील तीन राज्ये एक करून र्‍युक्यूचे राज्य उभारले. चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया यांच्यातील व्यापारावर हे चिमुकले राज्य संपन्न झाले. आपली जहाजे देशोदेशींना जोडणारा पूल आहेत, अशा अर्थाचा लेख कोरलेली १४५८ सालची मोठी कांस्यघंटा येथील राजवाड्यात असे; मूळ घंटा आता नाहातील प्रांतिक संग्रहालयाकडे आहे. १६०९ मध्ये सात्सुमाच्या जपानी सरदारांनी स्वारी केली. तेव्हापासून र्‍युक्यूचे राजे चीनच्या सम्राटाला खंडणी पाठवीत राहिले आणि सात्सुमाचे वर्चस्वही सोशीत राहिले. १८७९ मध्ये मेइजी सरकारने राज्य खालसा केले आणि शेवटचा राजा शो ताइ याला टोकियोस नेले. १९०१ साली तो तेथेच वारला. त्याचा देह मात्र शुरीस परत आला आणि तामाउदुन या १५०१ सालच्या दगडी राजसमाधीत ठेवण्यात आला.

राजा गेल्यावर राजवाड्यात आधी सैनिकांच्या बराकी आल्या, मग शाळा आली. १९२० च्या दशकात मोडकळीस आलेली मुख्य इमारत पाडण्याचे ठरले होते. कामाकुरा योशितारो या अभ्यासकाने आणि इतो चुता या वास्तुशास्त्रज्ञाने खटपट केली, म्हणून १९२५ मध्ये तिला सरकारी संरक्षण मिळाले. पण ते मिळाले शिंतो देवस्थानाचे प्रार्थनागृह म्हणून. ज्या साम्राज्याने राज्य बुडवले, त्याच साम्राज्याच्या धर्माच्या आश्रयाने राजवाडा तगला. १९४५ च्या युद्धात तो जळाला. १९५० मध्ये अमेरिकी लष्करी प्रशासनाने त्या जागेवर विद्यापीठ स्थापन केले. पुढे ते अन्यत्र हलल्यावर, कामाकुरा यांची छायाचित्रे आणि टिपणे यांचा आधार घेऊन राजवाडा पुन्हा बांधण्यात आला आणि १९९२ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे तो पुन्हा जळाला. जळाली ती इमारत अवघ्या २७ वर्षांची होती. २००० साली जागतिक वारशाच्या यादीत गेले होते ते किल्ल्याचे जुने अवशेष. ही नवी वास्तू त्यात नव्हती. काटेकोर इतिहासकार म्हणेल की जळाली ती प्रतिकृती. परंतु त्या पहाटे आग पाहण्यास जमलेले लोक रडत होते. नंतर देणग्यांचा ओघ लागला आणि जळलेल्या ढिगाऱ्यातली लाल कौले साफ करण्यास स्वयंसेवक पुढे आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या पुनर्बांधणीला आरंभ झाला, २०२६ च्या शरदऋतूत ती पुरी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, आणि बांधकाम झाकून न ठेवता ते पर्यटकांना पाहता येईल अशी सोय करण्यात आली. ज्यांचे राज्य गेले, भाषा शाळांतून हद्दपार झाली, त्यांच्या लेखी ही वास्तू म्हणजे आपणही एके काळी कोणी होतो याची डोळ्यांना दिसणारी साक्ष होती. ती मूळची की नवी, हा हिशेब त्यांच्यापुरता गौण होता.

राजवाड्याखालचा बोगदा

मात्र १९४५ मध्ये तो राजवाडा जळाला का, हे वर उभे राहून कळत नाही. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. जपानच्या ३२ व्या सैन्याने किल्ल्याखाली सुमारे एक किलोमीटर लांबीचे बोगदे खणून त्यात आपले मुख्यालय थाटले होते. त्यामुळे शुरी हेच अमेरिकी तोफांचे लक्ष्य झाले. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्य बेटावर उतरले. मेअखेरीस जपानी सेनापतींनी शुरी सोडून दक्षिणेकडे माघार घेण्याचे ठरवले. जपानच्या मुख्य भूमीवरील आक्रमण जितके लांबेल तितके लांबवावे, हा त्यामागील हेतू होता. पण दक्षिणेस आधीच हजारो नागरिक आश्रयाला गेले होते. सैनिक आणि रयत एकाच गुहांत येऊन पडले. कोठे लोकांना गुहेतून हाकलण्यात आले, कोठे हेर समजून ठार मारण्यात आले, कोठे हातबॉम्ब देऊन सामूहिक आत्महत्येकडे ढकलण्यात आले. तीन महिन्यांत दोन लाखांहून अधिक माणसे मेली. त्यांतील १,२०,००० हून अधिक ओकिनावाची होती. म्हणजे साधारणपणे दर चौघांतला एक.

२०१२ मध्ये या बोगद्याची माहिती देणारा फलक प्रांतिक सरकारने लावला, तेव्हा तज्ज्ञ समितीने तयार केलेल्या मजकुरातून दोन उल्लेख गाळण्यात आले: बोगद्यात सैन्याने ठेवलेल्या स्त्रियांचा, आणि हेरगिरीच्या आरोपावरून मारलेल्या रहिवाशांचा. यावरून मोठा वाद झाला. पर्यटक वाचतो तो फलक चार ओळींचा असतो; त्या चार ओळींत काय नाही, हे त्याला कोण सांगणार?

बुडालेले जहाज आणि तरंगती पाणबुडी

नाहा शहरातच २००४ साली उघडलेले त्सुशिमा मारू स्मारक संग्रहालय आहे. युद्ध बेटापर्यंत येणार हे दिसू लागल्यावर मुलांना मुख्य भूमीवर हलवण्याचे ठरले. २२ ऑगस्ट १९४४ च्या रात्री अशा मुलांना नेणारे त्सुशिमा मारू हे जहाज अमेरिकी पाणबुडी बोफिनने बुडवले. १,४८४ माणसे गेली, त्यांत ७८४ शाळकरी मुले होती. जे वाचले त्यांना तोंड न उघडण्याची ताकीद देण्यात आली. १९९७ मध्ये सुमारे ८७० मीटर खोलीवर जहाजाचा सांगाडा सापडला, पण तो वर काढणे शक्य नव्हते. संग्रहालयात मुख्यत्वे मुलांची छायाचित्रे आहेत.

ती बोफिन पाणबुडी मात्र शाबूत आहे. हवाई बेटांतील पर्ल हार्बरमध्ये ती १९८१ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे आणि 'पर्ल हार्बरचा सूड घेणारी' या बिरुदाने ओळखली जाते. जहाजावर मुले आहेत याची पाणबुडीवरील कोणाला कल्पना नव्हती, असे मानले जाते. म्हणजे एकाच रात्रीची दोन संग्रहालये दोन बेटांवर आहेत. दोन्ही खरी आहेत, आणि एकच पाहिलेल्याला अर्धीच गोष्ट कळलेली असते.

हिमेयुरी

२३ मार्च १९४५ च्या रात्री दोन मुलींच्या शाळांतील २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक यांना हाएबारू येथील लष्करी रुग्णालयात शुश्रूषेसाठी नेण्यात आले. रुग्णालय म्हणजे टेकडीत खणलेले बोगदे; त्यांपैकी विसाव्या क्रमांकाचा बोगदा २००७ पासून पाहता येतो. माघारीबरोबर या मुलीही दक्षिणेकडील गुहांत आल्या. १८ जून रोजी पथक विसर्जित झाल्याचा हुकूम निघाला आणि भर माऱ्यात त्यांना ज्याचे त्याने पाहावे म्हणून सोडून देण्यात आले. २४० पैकी १३६ जणांचा बळी गेला, त्यांतील बहुतेकांचा या हुकुमानंतरच्या काही दिवसांत.

युद्धानंतर त्यांच्यावर चित्रपट निघाले. १९५३ चा विशेष गाजला. देशासाठी हसत प्राण देणाऱ्या निष्पाप कुमारिका, अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली. वाचलेल्या विद्यार्थिनी मात्र, मैत्रिणी गेल्या आणि आपण उरलो या सलाने, कित्येक वर्षे गप्प होत्या. अखेर त्यांनी आणि शाळांच्या माजी विद्यार्थिनींनी २३ जून १९८९ रोजी स्वतःचे संग्रहालय उघडले. आपल्याला काय शिकवले गेले, आपण त्यावर कसा विश्वास ठेवला आणि पुढे काय झाले, हे त्या येणाऱ्यांना स्वतः उभे राहून सांगत. वयोमानामुळे २०१५ साली त्यांची ही व्याख्याने थांबली. २०२१ मध्ये, ज्यांनी युद्ध पाहिले नाही अशा पिढीने, तशाच प्रेक्षकासाठी दालनांची फेरमांडणी केली. भिंतीवर मृत मुलींची छायाचित्रे ओळीने आहेत. तेथे हुतात्म्यांचे दर्शन घेतल्यासारखे वाटत नाही. आपल्या वर्गातल्या मुली पाहिल्यासारखे वाटते.

माबुनीची बंदूक

बेटाच्या दक्षिण टोकाला, माबुनीच्या कड्यांवर, प्रांतिक शांतता स्मारक संग्रहालय आहे. ते प्रथम १९७५ मध्ये उघडले तेव्हा त्यात शस्त्रे, गणवेश आणि सैन्याचा गौरव यांचाच वरचष्मा होता. रयत कोठे आहे, असा सवाल ओकिनावातील अभ्यासकांनी आणि नागरिकांनी केला. त्यामुळे १९७८ मध्ये मांडणी बदलली आणि सामान्य माणसांच्या साक्षी तिच्या केंद्रस्थानी आल्या.

नवी वास्तू २००० साली उघडायची होती. तीत गुहेचा एक देखावा योजला होता: अंधारात दबून बसलेले कुटुंब, आईच्या कुशीत तान्हे मूल, आणि त्यांच्यावर बंदूक रोखून उभा असलेला जपानी सैनिक. मूल रडले तर शत्रूला सुगावा लागेल, म्हणून त्याला गप्प कर, असा त्याचा हुकूम. १९९९ मध्ये प्रांतिक सरकारच्या बाजूने, तज्ज्ञ समितीला अंधारात ठेवून, सैनिकाच्या हातातली बंदूक काढण्यात आली. बंदूक नसलेला तोच सैनिक पाहणाऱ्याला कुटुंबाचा राखणदार वाटला असता. स्थानिक वृत्तपत्रांनी हा बदल उघडकीस आणला, बेटभर संताप उसळला, आणि बंदूक सैनिकाच्या हाती परत आली.

बाहेर १९९५ साली उभारलेला 'शांततेचा पाया' आहे: काळ्या दगडांच्या रांगा आणि त्यांवर २,४०,००० हून अधिक नावे. ओकिनावाचे, मुख्य भूमीचे, अमेरिकी, ब्रिटिश, तैवानी, कोरियन, सैनिक आणि नागरिक, सारे एकत्र. नवी नावे कळतील तशी कोरली जातात. कोरियन नावे मात्र काही शेकड्यांपुढे गेलेली नाहीत; सक्तीने आणलेल्या आपल्या माणसाचे नाव जपानच्या दगडावर नको, असे म्हणणारी कुटुंबेही आहेत. त्या रिकाम्या जागाही वाचावयाच्या असतात.

छतावर

शेवटी गिनोवान येथील साकिमा कलासंग्रहालयात जावे. फुतेन्मा या अमेरिकी हवाई तळासाठी घेतलेली आपली वडिलोपार्जित जमीन एका मालकाने परत मिळवली आणि १९९४ मध्ये तिच्यावर हे संग्रहालय बांधले. इरी आणि तोशी मारुकी या चित्रकार दांपत्याने १९८४ मध्ये पूर्ण केलेले ओकिनावाच्या युद्धाचे चार मीटर उंच आणि साडेआठ मीटर रुंद चित्र येथे आहे. ते पाहून छतावर जाता येते. आधी सहा पायऱ्या, मग तेवीस. २३ जून, ओकिनावाचा स्मृतिदिन. त्या दिवशी मावळता सूर्य या पायऱ्यांच्या रेषेत येतो.

वर पोहोचल्यावर कुंपणापलीकडे हवाई तळ दिसतो. जपानच्या भूभागाचा अवघा ०.६ टक्के भाग असलेल्या या प्रांतात, अमेरिकी सैन्याच्या एकट्याच्या वापरातील तळांचे सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. ज्याने सकाळी शुरी पाहिले, दुपारी माबुनी पाहिले, त्याला इथे उभे राहिल्यावर कळते की या बेटावरील माणसे एका फलकावरच्या दोन उल्लेखांसाठी आणि पुतळ्याच्या हातातल्या एका बंदुकीसाठी इतकी का भांडतात. सैन्य कोणाचे रक्षण करते, हा प्रश्न त्यांच्यासाठी अजून खिडकीबाहेरचा आहे. एखाद्या देखाव्यातली बंदूक काढून घेतली, तर त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकल्यासारखे होते.

समुद्र पाहावाच, तो सुंदर आहे. मात्र परतीच्या विमानापूर्वी एक दिवस दक्षिणेसाठी राखून ठेवावा.