दादांची तासांची वही

लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन मी घरी आलो, हिवरे बाजारला. दुपारी नेटवर्क गेलं की करायला काही नसायचं, म्हणून एकदा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. आत दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कॉलेजची मार्कशीट, दोन फोटो आणि एक लांबट वही होती. वहीत पानोपानी एकच प्रकार. तारीख, काम, तास, सही. 'झाडांना पाणी, २ तास.' 'ग्रंथालय, पुस्तकांना कव्हर, ३ तास.' 'आवार सफाई, २ तास.' आमच्या कंपनीत दर शुक्रवारी टाइमशीट भरताना आम्ही जेवढे वैतागतो, त्याच्या दहापट नीटनेटकी नोंद.

"दादा, हे काय आहे?"

"कमवा व शिका. सातारला होतो ना."

सातारला शिकले हे माहीत होतं. शिकता शिकता झाडलोट केली हे अठ्ठावीस वर्षांत कधी बोलले नव्हते. का बोलले नाहीत, हे विचारायला मला आणखी काही महिने लागले. तोवर मी वाचत राहिलो.

सातारचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली निघालं. काढणारा माणूस स्वतः इंग्रजी सहावीच्या पुढे गेलेला नव्हता. भाऊराव पाटील, जन्म १८८७, गाव कुंभोज. त्यांनी ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावं पालथी घातली होती. आजच्या भाषेत फील्ड सेल्स. खेड्यातल्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही, हे त्यांना त्या फिरतीतूनच कळलं असणार असं मला वाटतं.

पण गोष्ट त्याच्या आधीची आहे, आणि ती जेवणाच्या पंगतीपासून सुरू होते.

गरीब मुलाने शिकायची आपल्याकडे एक जुनी रीत होती, वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं, सात वार. नाहीतर माधुकरी मागायची. कित्येक मोठी माणसं अशी शिकली आणि आत्मचरित्रांत त्याबद्दल भरभरून लिहिलं गेलं. मात्र ही सोय ब्राह्मण मुलांपुरती होती. कुणब्याच्या, रामोशाच्या, महाराच्या मुलाला पुण्यात वार कोण देणार? त्याच्यासाठी गरिबीत शिकण्याची रीतच नव्हती. शाळा असली तरी राहायचं कुठे आणि खायचं काय, इथेच गाडी अडायची.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे ओळखलं आणि १९०१ पासून वसतिगृहं उभी राहू लागली. प्रत्येक समाजाचं वेगळं वसतिगृह, कारण त्या त्या समाजाकडून पैसा उभा करता येत होता. भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं आणि भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की अंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसता येणार नाही. त्यांनी अंघोळ केली नाही. बोर्डिंगातून काढलं गेलं.

याच १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका छोट्या कॉलेजचा खटला चालला होता. केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज, स्थापना १८५५. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी काढलेलं, काळी-गोरी मुलं एकत्र शिकवणारं. केंटकीने १९०४ मध्ये कायदा करून असं एकत्र शिकणं बंद केलं, आणि न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. कॉलेज हरलं. १९५० पर्यंत तिथे काळी मुलं परत येऊ शकली नाहीत. बेरियाबद्दल मला आधी काही माहीत नव्हतं. फी न घेता मुलांना कामाला लावणारी कॉलेजं जगात आणखी कुठे आहेत ते शोधताना ते सापडलं. तिथे आजही फी नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. 'प्रत्येक' हा शब्द लक्षात ठेवा.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. तिथे शाहू महाराजांचं वेगवेगळ्या बोर्डिंगांचं गणित त्यांनी जाणूनबुजून मोडलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचंच नाव देण्यात आलं, हे मला फार आवडतं. ज्याची पद्धत बदलली त्याचंच नाव लावलं.

पैसा? नव्हताच. मुष्टिफंड होता, म्हणजे गावातल्या बाईने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा करून आणायचं. लक्ष्मीबाईंचे, भाऊरावांच्या पत्नीचे, दागिने मुलांच्या पोटात गेले. शेवटी मंगळसूत्रही. त्या १९३० साली वारल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांच्यासाठी हळवे परिच्छेद असतात, पण इतक्या मुलांचा स्वयंपाक रेटणाऱ्या बाईचे तास कुठल्या वहीत लिहिले गेले, हा प्रश्न मला छळतो. मुलांच्या कामाला नाव मिळालं, 'स्वावलंबन'. त्यांच्या कामाला 'माउली' म्हटलं की विषय संपतो.

मुलंही राबत. पाळीने स्वयंपाक, शेती, खडी फोडणं, इमारतीसाठी दगड-माती वाहणं. १९४७ ला कॉलेज निघालं तेव्हा हीच शिस्त पदवीच्या वर्गात आली. कॉलेजला शिवाजी महाराजांचं नाव होतं आणि मोठ्या देणगीच्या बदल्यात ते बदलायला भाऊरावांनी साफ नकार दिला, ही कथा साताऱ्यात आजही सांगतात. लगेचच, १९४८ मध्ये, सरकारने संस्थेचं अनुदान थांबवलं. गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला. १९५४ ला कऱ्हाडला निघालेल्या कॉलेजला गाडगे महाराजांचं नाव आहे. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परतले, याच कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. अशी उदाहरणं भाषणांत येतात. दादांसारखी हजारो येत नाहीत. ते झेडपीचे मास्तर झाले, एवढंच.

आता मला खटकलेली गोष्ट.

मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात होतो तिथेही कमवा व शिका होतं. पुणे विद्यापीठाच्या योजनेला भाऊरावांचंच नाव आहे. आमच्याकडे त्यात नाव द्यायला परिस्थिती बेताची लागायची. त्यामुळे बागेला पाणी घालणारा मुलगा दिसला की कळायचं, याच्याकडे पैसे नाहीत. आम्ही कँटीनच्या कट्ट्यावर चहा पीत बघायचो. कोणी हसायचं नाही. हसायची गरजच नव्हती. माझ्या बॅचचा एक मुलगा पाइप हातात असताना आम्ही जवळून गेलो की पाठ करायचा. मी कधी थांबलो नाही. शाहू बोर्डिंगात सगळेच घमेली उचलायचे, म्हणून घमेल्यावरून जात आणि ऐपत कळत नव्हती. काम तेच राहिलं, 'सगळे' गेले, आणि योजनेचा अर्थ उलटा झाला. नाव आणि फोटो मात्र तेच.

हे दादांना सांगितलं आणि तेव्हाच विचारलं, तुम्ही इतकी वर्षं का बोलला नाहीत?

"आमच्या वेळी पण निम्मेच करायचे," ते म्हणाले. "मेसच्या पैशाचं बघावं लागायचं ते. बाकीचे क्रिकेट खेळायचे. सांगायचं काय त्यात?"

म्हणजे पाठ करणारी मुलं तेव्हाही होती. मी वाचून रंगवलेलं चित्र ऐंशीच्या दशकात आधीच फाटलेलं होतं.

मग ते आपणहून गावाबद्दल बोलू लागले. दादा शिकून परत आले तेव्हा हिवरे बाजार सोडून जाण्याचं गाव होतं. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, बाहत्तरच्या दुष्काळानंतर कंबर मोडलेली, दारूच्या भट्ट्या. १९८९-९० ला पोपटराव पवार सरपंच झाले, गावातले तेव्हाचे एकमेव एम.कॉम. नव्वदच्या दशकात डोंगरावर समतल चर खणायला सुरुवात झाली, काही रोजगार हमीतून, काही श्रमदानातून. श्रमदानाला घरटी माणूस यायचा. "पहिल्या दिवशी मास्तर म्हणून मला लोक म्हटले, तुम्ही राहू द्या," दादा हसले. "मी कुदळ घेतली तर म्हटले, अरे, याला येतंय की! सातारला शिकलो म्हणलं. तेवढंच सांगितलं मी कुणाला."

तिथे सरपंचाच्या हातातही टिकाव होता, त्यामुळे पाठ करायचा प्रश्न नव्हता.

मागच्या डिसेंबरात मी त्यांना घेऊन साताऱ्याला गेलो. समाधीवर फूल वाहून झालं. कॉलेजच्या आवारात ते झाडं मोजत चालले होते, मध्येच आकडा चुकायचे आणि मागे यायचे. एका झाडाखाली एक मुलगा पाइप धरून उभा होता. आम्हाला बघून तो जरा वळला. दादा थेट त्याच्यापाशी गेले.

"बुंध्यावर नको रे घालू. आळं मोठं कर आधी. कितवीला आहेस?"

"एसवाय, बी.ए."

"विषय?"

"इतिहास."

दादांनी बाह्या दुमडल्या आणि कुदळ कुठे ठेवलीय ते विचारलं.