बास पकडायला गळाला ब्लूगिल: जागतिक विक्रमाशी बरोबरी करून देणारं आमिष

'पॅनफिश' ही माशाची एखादी जात नाही. तव्यात अख्खा मावेल असा गोड्या पाण्यातला कुठलाही छोटा मासा म्हणजे पॅनफिश. अमेरिकेत त्यातला सगळ्यात ओळखीचा ब्लूगिल. पण अनेकजण तो तव्यावर न टाकता गळाला लावतात, लार्जमाउथ बास हा मोठा मासा पकडण्यासाठी.

कारण साधं आहे. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत हे दोघे शेजारी, आणि ब्लूगिल हे बासचं नेहमीचं खाणं. शिवाय ब्लूगिलच्या झुंडी बासच्या अंड्यांवर ताव मारतात. त्यामुळे विणीच्या दिवसांत घरट्याची राखण करणारा नर भूक नसली तरी ब्लूगिलवर धावून जातो.

आमिषाला साधारण 3 ते 5 इंचांचा जिवंत ब्लूगिल पुरतो. पाठीवरच्या पराजवळ गळ अडकवला तर तो बराच वेळ पोहत राहतो, फक्त कण्याला इजा होता कामा नये. तंगूस हळूहळू ओढत न्यायचा असेल तर गळ ओठांतून घालतात. ब्लूगिलच्या पाठीवर टोकदार काटे असतात, म्हणून बास त्याला बहुधा डोक्याकडून गिळतो. तसं केलं की काटे मागे दुमडतात. नवखे नेमके इथेच हिसका देतात आणि मासा हातचा जातो. आत वळलेल्या टोकाचा 'सर्कल हुक' असेल तर हिसक्याची गरजच नसते. तंगूस ताणत नेला की तो जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. मासा परत सोडायचा असेल तर हाच गळ बरा, कारण तो सहसा पोटापर्यंत जात नाही.

या आमिषाची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र अमेरिकेतली नाही. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जिवंत ब्लूगिल लावून सुमारे 10.12 किलोचा बास पकडला. 1932 मध्ये जॉर्ज पेरी यांनी अमेरिकेतल्या जॉर्जियात केलेल्या विक्रमाशी ही बरोबरी ठरली. कुरितांचा मासा किंचित जड होता, पण विक्रम मोडायला किमान 2 औंस जास्त लागतात!

गंमत म्हणजे जपानमध्ये हे दोन्ही मासे परके. बास 1925 मध्ये आला. ब्लूगिल 1960 मध्ये तत्कालीन युवराज अकिहितो यांनी शिकागोहून भेट म्हणून आणला. तो तळ्यातळ्यांत पसरला, स्थानिक माशांवर संकट आलं आणि 2007 मध्ये सम्राट अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आता तिथे दोन्ही मासे जिवंत नेणं-आणणं कायद्याने बंद आहे. बिवात तर पकडलेला ब्लूगिल किंवा बास परत पाण्यात सोडायलाही मनाई आहे.

अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. त्यामुळे गळ टाकण्याआधी तिथला नियम बघावा लागतो, आणि बादलीत उरलेले ब्लूगिल दुसऱ्या तळ्यात ओतायचे नसतात.