वादाच्या किनाऱ्यावरून दरबाराकडे

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेत जाते. या पट्ट्यात अकराव्या शतकातले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहतही. या वाटेच्या तोंडाशी असलेल्या कल्याणात नारायण वामन टिळकांचे बालपणीचे काही शिक्षण झाले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती-हिंदू संवादाचा विचार करताना त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

त्यांच्या आधी होता तो वाद. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या जाहीर सभा झाल्या. त्यांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकी मिशनऱ्याने इंग्रजीत छापला; विष्णुबावांच्या बाजूचे मराठी पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये निघाले. वाद एकच, पुस्तके दोन. समोरच्याचे म्हणणे ऐकायचे ते खोडून काढण्यासाठी, अशीच या सभांची घडण होती.

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण संतवाणी त्यांनी टाकली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ओवी-अभंगांत त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. मराठी ओवीत ख्रिस्तकथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच, 'ख्रिस्तपुराणा'त, आणली होती. टिळकांच्या बाबतीत मात्र ती ओवी लहानपणापासून अंगात भिनलेली होती. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या नोकरीची सुरक्षितता त्यांनी त्यासाठी सोडली.

या दरबाराला संवाद म्हणावे का? केंद्रस्थानी ख्रिस्तच होता. सर्व धर्मांना समान आसन तिथे नव्हते. हा आक्षेप खरा आहे. तरीही परक्या संस्थेच्या दाखल्यावाचून श्रद्धेला मान देणे, हे त्या काळी मोठे धाडस होते.

या साऱ्याची खरी किंमत कळते ती लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त. नवऱ्याच्या धर्मांतराने संसार मोडला, वर्षांची ताटातूट झाली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी सुरुवातीला आपले सोवळे वेगळे ठेवले. जातिभेद सोडला तो स्वतः विचार करून, आणि बाप्तिस्माही त्यानंतरच घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्णत्वास नेले.

किनाऱ्यावरच्या सभेत बोलणारे संध्याकाळी आपापल्या घरी जात. टिळकांच्या घरात मात्र दोन्ही श्रद्धांना एकाच छपराखाली रात्र काढावी लागली. धर्मसंवादाचा इतिहास लिहिताना आपण सभा आणि ग्रंथ मोजतो. त्याच्या खुणा माजघरातही शोधायला हव्यात.