शेटजींचा पगार आणि शेटजींचा नफा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं: "आमची जिनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मी तिचा संचालक म्हणून पगार घेतो आणि भागधारक म्हणून लाभांशही घेतो. पैसा माझाच, कंपनीही माझीच. मग कर दोन वेगळ्या हिशेबांनी का?" प्रश्न आजचा आहे, पण त्याची मुळं जुनी आहेत आणि बरीचशी आपल्याच भागात सापडतात. म्हणून आज त्यावरच बोलू.

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी ही कापसाची गावं. इथल्या जुन्या पेढीवर पगार कोणाला? मुनिमाला, तोलणाऱ्याला, दिवाणजीला. शेटजींना पगार नव्हताच. त्यांच्या नावाचं खातं असे, घरखर्च त्यात नावे पडे आणि वर्षाअखेर नफा जमा होई. सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसण्याची मजुरी किती आणि घातलेल्या भांडवलाचं फळ किती, हे कोणी वेगळं काढत नव्हतं. काढायची गरजच पडली नव्हती.

1886 च्या प्राप्तिकर कायद्यानं उत्पन्नाचे चार भाग केले: पगार व पेन्शन, कंपन्यांचा नफा, कर्जरोख्यांवरचं व्याज आणि इतर. शेतीचं उत्पन्न यातून वगळलेलं. म्हणजे पाहा, कापूस पिकवणारा मालगुजार करातून मोकळा, आणि तोच कापूस रेचून गाठी बांधणारा जिनवाला मात्र करपात्र. पण वर्षाला दोन हजारांच्या वर उत्पन्न असलं तरी दर रुपयाला पाच पै इतकाच. एवढ्या दरात पगार म्हणा की नफा म्हणा, कुणाला फरक पडत होता?

फरक पडू लागला 1917 पासून. पहिल्या महायुद्धाचा खर्च भागवण्यासाठी मोठ्या उत्पन्नावर सुपरटॅक्स आला, उत्पन्न जितकं जास्त तितका दर चढता. मग मालकांनी नफा वाटायचाच थांबवला. कंपनीत ठेवला की वरचा दर लागत नाही! सरकारनं 1930 मध्ये 1922 च्या कायद्यात कलम 23 अ घातलं: मूठभर लोकांच्या ताब्यातल्या कंपनीनं नफा अडवून धरला, तर तो वाटला असंच समजून भागधारकांवर कर बसवता येईल. उलट बाजूनं कंपनीचा नफा बोनस किंवा कमिशन म्हणून मालकाच्या खिशात घालायचा, तर तिथेही अट होती. लाभांश म्हणून जे मिळालं असतं तेच बोनसच्या नावानं दिलं असेल, तर कंपनीला वजावट नाही. हा नियम 1961 च्या कायद्यात कलम 36(1)(ii) म्हणून पुढे आला.

आता एक नागपूरचा खटला सांगतो. धनवटे हे नाव रंगमंदिरामुळे तुम्हाला ठाऊक आहे. या कुटुंबाचा नागपुरात शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स हा मोठा छापखाना होता. त्याच्या भागीदारीत व्ही. डी. धनवटे होते, पण स्वतःपुरते नव्हे, तर हिंदू अविभक्त कुटुंबाचे कर्ते म्हणून. भांडवल कुटुंबाचं. करारात लिहिलेलं की कारभार धनवट्यांनी पाहावा आणि त्याबद्दल त्यांना मेहनताना मिळावा. प्रश्न असा उभा राहिला की हा मेहनताना कोणाचा? धनवटे म्हणत होते, राबलो मी, पगार माझा. प्राप्तिकर खातं म्हणत होतं, कुटुंबाचं भांडवल होतं म्हणून तुम्ही त्या खुर्चीवर बसलात, म्हणून पगारही कुटुंबाचाच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1968 च्या निकालसंग्रहात छापलेला निर्णय खात्याच्या बाजूनं आहे.

पण त्याच संग्रहात पलनिअप्पा चेट्टियार यांचा खटलाही आहे. तिथे कुटुंबानं एका वाहतूक कंपनीचे 300 पैकी 90 शेअर घेतले होते, आणि कर्ता पुढे व्यवस्थापकीय संचालक झाला. न्यायालय म्हणालं, हा पगार त्याच्या कामाचा, त्याचा स्वतःचा. 1970 मध्ये इंदूरच्या राजकुमारसिंह हुकुमचंदजी यांच्या प्रकरणात न्यायालयानं कसोटी मांडली: मिळालेली रक्कम मुळात कुटुंबाच्या गुंतवणुकीवरचा परतावा आहे, की व्यक्तीनं केलेल्या कामाचा मोबदला? आम्हाला ही कसोटी योग्य वाटते, पण धनवटे प्रकरणात ती माणसाच्या कष्टांवर जरा कठोर पडली असंही वाटतं. छापखाना काही भांडवलानं आपोआप चालत नाही.

आपल्याकडच्या जुन्या व्यापारी घराण्यांत धंदा बहुतेक अविभक्त कुटुंबाचाच. त्यामुळे हा निकाल वर्ध्यालाही तितकाच लागू होता. थोडं विषयांतर करतो. जवळच सेवाग्रामात गांधीजी विश्वस्तवृत्तीचा विचार मांडत होते, म्हणजे मालकानं स्वतःसाठी किती घ्यावं हाच प्रश्न. कायद्याला तेवढं खोल जायचं नव्हतं. त्याला फक्त घेतलेल्या पैशाचं नाव हवं होतं.

1957 मध्ये जमनालालजींचे पुत्र कमलनयन बजाज वर्ध्यातून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी संपत्तीकर आणि खर्चकर आले. दर चढतच राहिले. 1973-74 मध्ये दोन लाखांवरच्या उत्पन्नावर अधिभार धरून 97.75 टक्के! वरच्या शंभरातले सव्वादोन रुपये हाती. अशा वेळी पगार वाढवून मागणारा मालक वेडाच म्हणायचा. त्यापेक्षा कंपनीची गाडी आणि कंपनीचं घर बरं.

लाभांशाची गोष्ट वेगळीच फिरली. 1959 च्या बदलापर्यंत कंपनीनं भरलेला कर भागधारकाच्या खात्यात धरला जाई. तो लाभ गेला आणि एकाच नफ्यावर दोनदा कर बसू लागला. 1997 मध्ये लाभांश भागधारकाच्या हाती करमुक्त झाला, कर कंपनीनंच भरायचा. मधलं एक वर्ष सोडलं तर हीच पद्धत चालली. 1 एप्रिल 2020 पासून लाभांश पुन्हा भागधारकाच्या उत्पन्नात आला, पगाराच्या रकमेत मिसळून, त्याच स्लॅबनं.

आता श्रोत्याचा हिशेब. मालकाला काही देण्यापूर्वी कंपनीचा नफा 20 लाख समजा. कंपनीनं 22 टक्क्यांचा पर्याय घेतलाय, अधिभार-उपकर धरून 25.17 टक्के. मालक नव्या करप्रणालीत, दर 2025-26 चे. सगळा पैसा पगार म्हणून घेतला, तर कंपनीचा नफा शून्य आणि मालकाचा कर सुमारे 1 लाख 92 हजार. निम्मा पगार, उरलेल्यातून लाभांश, तर दोघांचा मिळून सुमारे 3 लाख 92 हजार. सगळा लाभांशच घेतला, तर 6 लाख 12 हजार. पगार कंपनीच्या खर्चात जातो, लाभांश कंपनीचा कर भरून उरलेल्यातून येतो. सगळा फरक इथे आहे.

मग सगळेच पगार का घेत नाहीत? कारण ती जुनी अट अजून जागी आहे. 2011 मध्ये मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठासमोर एका दलाली कंपनीचं प्रकरण होतं. तीन संचालक, तेच भागधारक, प्रत्येकी 40 लाख कमिशन आणि लाभांश काहीच नाही. कमिशनची वजावट नाकारली गेली. शिवाय नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त मोबदला दिला, तर त्यासाठीही कायद्यात अट आहेच.

आणि पत्नीला पगारावर घ्यायचा विचार असेल, तर तिच्याकडे त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान असायला हवं आणि पगार त्याच ज्ञानाचा हवा. नाहीतर कंपनीत तुमचा भरीव हिस्सा असल्यामुळे तो पगार तुमच्याच उत्पन्नात धरला जाईल. जिनिंगचे वजनकाटे, गाठींची नोंद, बँकेची कामं हे सगळं वीस वर्षं सांभाळणाऱ्या कितीतरी बायका या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या हातात पदवी नाही, एवढंच. त्यांच्या कामाला कायदा कोणतं नाव देईल, हे विचारणारा प्रश्न आज कोणी विचारला तर आम्हाला आवडेल.