लॉक रिंग : हाताने टायर चढवण्याचा इतिहास

ट्रकचा टायर घरच्या अंगणात चढवता येतो, याचे आज कोणाला आश्चर्य वाटत नाही. दोन टॉमी, एक घण आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर असला की काम भागते. पण ही सोय मुद्दाम घडवलेली आहे, आणि तिची किंमत अनेकांनी जिवानिशी मोजली आहे.

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा टायर चाकाला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असा एक पंक्चर झालेला सायकलचा टायर आला. दुरुस्तीला तीन तास गेले आणि गोंद वाळायला रात्र. त्या अनुभवातून १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर निघाला.

मोटारीच्या बाबतीत हेच १९०६ च्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये घडले. गाडीवर काम करण्याची मुभा फक्त चालक आणि त्याच्यासोबतच्या मेकॅनिकला होती. रेनॉच्या फेरेन्क सिस यांच्या मागच्या चाकांना सुट्या होणाऱ्या रिम होत्या. टायर आधीच बसवलेली रिम बदलायची आणि निघायचे. इतर अनेक चालक टायर कापून काढत बसले आणि सिस शर्यत जिंकले.

ट्रकचा प्रश्न अधिक अवघड होता. त्याच्या टायरच्या कडेत पोलादी तारांचे कडे असते, ते ताणत नाही. जाड, ताठ टायर अखंड रिमवरून टॉमीने ओढून घालणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून रिमचेच तुकडे केले गेले. एक बाजू मोकळी ठेवायची, ट्यूब आणि फ्लॅपसह टायर सरकवायचा, वरून बाजूची रिंग ठेवायची आणि तिला अडवायला एका जागी चिरलेली लॉक रिंग खाचेत बसवायची. त्यामुळे आडरस्त्यावर, एकट्या माणसालाही टायर बदलता येऊ लागला.

धोका नेमका याच रचनेत आहे. वीस इंची रिमवरच्या चाळीस इंच व्यासाच्या टायरची एक बाजू सुमारे ९४० चौरस इंच भरते. दर चौरस इंचाला १०० पौंड हवा भरली की त्या बाजूवर सुमारे ४२ टन दाब येतो आणि त्यातला मोठा वाटा रिंगवर पडतो. खाच गंजलेली असेल, दुसऱ्याच बनावटीची रिंग 'चालून जाईल' म्हणून लावली असेल किंवा हवा भरताना ती घणाने ठोकली, तर रिंग तोफगोळ्यासारखी उडते. समोर वाकलेल्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

अशा मृत्यूंनंतर १९८० मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने अनेक तुकड्यांच्या रिमसाठी नियम केले. टायर खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवायचे, नळी चिमट्याने अडकवून दूर उभे राहायचे. हवा असताना रिंगवर घाव घालायचा नाही. वेगवेगळ्या बनावटीचे न जुळणारे भाग एकत्र करायचे नाहीत. १९८४ मध्ये अखंड रिमही या नियमांत आल्या. कमी हवेवर चाललेला टायर भरताना कडेनेच फाटू शकतो. ट्यूबलेस आला म्हणून धोका संपला नाही.

मात्र हे नियम मालक आणि कामगार यांच्यासाठी होते. स्वतःच्या गोठ्याशेजारी स्वतःच्याच ट्रकचा टायर चढवणारा शेतकरी त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. त्याच्यावर देखरेख करणारा कोणी नव्हता, आणि पिंजरा विकत घेण्याइतके काम त्याच्याकडे क्वचितच असे.

आपल्या महामार्गांवरचे चित्रही ओळखीचे आहे. पंक्चरच्या दुकानात रिंगची बाजू जमिनीकडे करून चाक पालथे ठेवतात, कोणी त्याला साखळी गुंडाळतो. यात अनुभवातून आलेले शहाणपण आहे. पण पालथे चाकही उसळते आणि साखळी म्हणजे पिंजरा नव्हे.

एकट्याला टायर बदलता यावा म्हणून रिमचे तुकडे झाले, आणि एकटा माणूसच त्या तुकड्यांसमोर सर्वांत असुरक्षित ठरला. घरी टायर चढवणाऱ्याने या इतिहासातून निदान एवढे घ्यावे: आधी सगळी हवा सोडावी, रिंग आणि खाच तपासावी, शंका आली तर ती रिंग भंगारात टाकावी, आणि पिंजरा नसेल तर टायर चढवला तरी हवा मात्र पिंजरा असलेल्या दुकानातच भरून घ्यावी.