ऑब्जेक्टची प्रत

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एका ऑब्जेक्टवरून दुसरा तयार करण्याची क्रिया. जावा किंवा पायथनमध्ये ‘ब = अ’ लिहिल्याने प्रत होत नाही; त्याच ऑब्जेक्टला आणखी एक नाव मिळते. तुळजापूरच्या देवीला तुळजाभवानी म्हणा की तुकाई, मूर्ती एकच. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, ती मात्र वेगळी मूर्ती. खरी प्रत अशी असते.

प्रत उथळ असते किंवा खोल. समजा, तुळजापुरातल्या एखाद्या भक्तनिवासाच्या प्रोग्रॅममध्ये ‘नोंदणी’ हा ऑब्जेक्ट आहे. त्यात तारीख आणि भाविकांची यादी. पुढच्या नवरात्रासाठी त्याची उथळ प्रत काढली, तारीख बदलली. जुनी नोंदणी शाबूत राहिली. मग नव्या यादीतून एक नाव खोडले, तर ते जुन्यातूनही गेले! कारण उथळ प्रतीत यादी नव्हे, यादीचा फक्त पत्ता उतरतो. नवशिक्यांना ही चूक फार छळते, कारण प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता चालत राहतो.

खोल प्रतीत आतली यादीही नव्याने बनते. वेळ व मेमरी जास्त लागते. ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर नकलेचे चक्र थांबत नाही. म्हणून पायथनचे ‘डीपकॉपी’ आधी उतरवलेल्यांची नोंद ठेवते. जावातील ‘क्लोन’ मुळात उथळच. जावातज्ज्ञ जोशुआ ब्लॉक यांनी त्याऐवजी कॉपी कन्स्ट्रक्टर, म्हणजे जुना ऑब्जेक्ट घेऊन त्यावरून नवा घडवणारा कन्स्ट्रक्टर, सुचवला, आणि तो सल्ला रास्त आहे. सी++ मध्ये हा कन्स्ट्रक्टर भाषेचाच भाग आहे.