अ‍ॅझ्टेक: मागाहून चिकटलेलं नाव

मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या तळ्यात तेनोच्तित्लान हे नगर वसवणारे लोक स्वतःला अ‍ॅझ्टेक म्हणवत नसत. ते होते मेशिका, आणि 'मेक्सिको' हे देशाचं नाव त्यांच्यावरूनच आलं. नगराची स्थापना परंपरेने १३२५ सालची मानतात. १४२८ च्या सुमारास तेनोच्तित्लान, टेक्सकोको आणि त्लाकोपान या तीन नगरांनी युती केली. आज आपण ज्याला अ‍ॅझ्टेक साम्राज्य म्हणतो ते खरं तर या तिघांचं राज्य. स्पॅनिश फौजा आणि त्यांच्या स्थानिक मित्रांपुढे ते १५२१ मध्ये कोसळलं.

मग हे नाव कुठून आलं? 'अझ्तलान' ही मेशिकांची दंतकथेतली मूळ भूमी. तिथला तो 'अझ्तेकात्ल'. ती सोडून खोऱ्याकडे येताना वाटेत त्यांच्या देवानेच हे नाव टाकून द्यायला सांगितलं, अशी कथा आहे. टाकलेलं नाव उचललं ते पंडितांनी. हुम्बोल्टने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते रूढ केलं; १८४३ मध्ये आलेल्या प्रेस्कॉटच्या इतिहासग्रंथाने घरोघरी नेलं.

पुढे त्याला संयोगचिन्हही मिळालं. १८९१ मध्ये डॅनियल ब्रिंटनने एका भाषाकुलाला 'युटो-अ‍ॅझ्टेकन' म्हटलं. त्या आडव्या रेघेच्या एका टोकाला अमेरिकेतल्या यूट लोकांची भाषा, दुसऱ्या टोकाला मेशिकांची नाहुआत्ल. नाहुआत्ल आजही मेक्सिकोत पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात. आपल्या भाजीबाजारातला टोमॅटोही तिथल्याच 'तोमात्ल'चा, स्पॅनिशमार्गे आलेला वंशज.